बाळंतिणीच्या कोंबड्या

रावयाला लग्नानंतर सहाव्या वर्षी दिवस गेले, त्या वर्षाची ही गोष्ट. रावया म्हणजे माझ्या दादाची, बखीतची, एकुलती एक लेक. नदीपलीकडच्या गावात दिलेली. माझा नवरा गेल्यावर मी दादाच्याच घरी राहायला आले, तेव्हा ती चालायला शिकत होती. माझ्याच मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल.

त्याच हिवाळ्यात दादाने आजोबांच्या वेळचं मातीचं घर पाडून विटा-सिमेंटचं घर बांधलं होतं. खजुराच्या खोडांचं छप्पर गेलं, वर स्लॅब आला. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवर थाप मारून दाखवायची, "बघा, माती पडत नाही." खरंच पडत नव्हती. आत किती उकडतं ते आम्हाला उन्हाळा लागल्यावर कळलं.

आमच्याकडे पोरीचं बाळंतपण झालं की माहेरून कोंबड्या जातात. बाजारातल्या चालत नाहीत. आईने आपल्या गच्चीवर, आपल्या हाताने दाणा घालून वाढवलेल्या लागतात. बाळाच्या सातव्या दिवसापर्यंत रोज एक कापायची आणि बाळंतिणीने तिचा रस्सा प्यायचा. सासरच्या बायका पिंजरा उघडून पंखाखाली हात घालतात, छाती दाबून बघतात. फार्मची पांढरी कोंबडी निघाली तर वर्षभर बोलायला विषय मिळतो. रावयाच्या सासूला तर विषय शोधावा लागतच नसे. सहा वर्षं ती रावयाला ऐकवत होती, "आमच्या घरचं मीठ खाल्लं, पण पाळणा काही हलला नाही." दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिने निरोप धाडला, "बरं झालं. आता माहेरचा पिंजरा कसा येतो ते बघू."

वहिनीने तो निरोप ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पिल्लंवाल्याला दारात थांबवलं. सनिय्या हे वहिनीचं नाव. बोटाने चाचपून तिने पिल्लं निवडली. सगळी गावठी, करड्या ठिपक्यांची, मोठी झाल्यावर शेपटी उभी धरणारी जात. काही मांजराने नेली, काही कोंबडे निघाले, ते आम्ही खाल्ले. उन्हाळ्याच्या तोंडावरचा बशन्स महिना संपता संपता दहा तलंगा, अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, उरल्या. नीट, भरलेल्या. वहिनी त्यांच्याशी बोलायची. "खा गं माझ्या बायांनो, माझ्या पोरीच्या हाडांत जायचंय तुम्हाला," असं म्हणून कोंडा कालवायची. रावयाचे दिवस मिस्रा महिन्यात भरणार होते. म्हणजे मधे बऊना आणि अबीब, आमच्या उन्हाळ्याचे दोन सगळ्यात वाईट महिने.

आता तफीदाचं सांगते. ती आमची शेजारीण, उत्तरेच्या अंगाला. तिचं घर अजून मातीचंच होतं. आमची गच्ची आणि तिची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. आमच्याकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. वहिनीला सगळे रावयाची आई म्हणायचे. तफीदाला मूल नव्हतं, म्हणून ती नुसती तफीदा. नवऱ्याने सुएझला दुसरं घर केलं आणि तो परत आला नाही. तिचे डोळे घारे होते आणि पुढच्या दोन दातांत फट होती. एवढ्यावर गावाने काही म्हटलं नसतं. पण एकदा तिने एका गाभण म्हशीला बघून "काय कास आहे हिची!" असं म्हटलं, आणि पुढे दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते माशाअल्ला म्हणायचं विसरली. संध्याकाळी म्हैस कालव्यात पडून मेली. गावाला तेवढं पुरलं. त्यानंतर ती रस्त्याने जाताना बायका पोरांच्या तोंडावरून पदर ओढून घेत. तीही खाली बघूनच चालायची.

वहिनीने खुराडं बांधलं ते जुन्या जागी, उत्तरेच्या कोपऱ्यात. जुन्या घराची दारं, फळकुटं, पत्रा, जे उरलं होतं ते सगळं वापरलं. आणि तफीदाच्या बाजूने पोती लावली. मग वाटलं, फटीतून दिसेल, म्हणून पोत्यांवर जुनं ब्लँकेट. मग बाकीच्या बाजूही झाकल्या, कारण तफीदा कपडे वाळत घालताना गच्चीभर फिरायची. वर निळा मणी टांगला, रावयाचा लहानपणचा बूट टांगला. खुराडं म्हणजे गाठोडं झालं होतं.

"आत कोंबड्या आहेत की चोरीचा माल?" दादा म्हणाला.

"तुम्ही खाली जा. बायकांच्या गच्चीवर तुमचं काय काम?" वहिनी म्हणाली.

दादा खरंच क्वचित वर यायचा. आमच्याकडे पुरुषाने गच्चीवर चढायचं तर जिन्यातूनच मोठ्याने खाकरायचं आणि "या सातिर!" म्हणून ओरडायचं, की हे झाकणाऱ्या देवा, झाक. म्हणजे शेजारच्या अंगणात डोकं उघडं टाकून बसलेल्या बायका आत जातात. दादा पाण्याच्या पंपावर राखणदार होता, मोटारीच्या आवाजात बोलून बोलून त्याचा आवाज मोठा झाला होता. तो जिन्यात ओरडला की तीन गल्ल्यांतल्या बायका पळायच्या.

बऊना लागला आणि पहिल्याच आठवड्यात एक कोंबडी गेली. सकाळी धडधाकट होती. दुपारी वहिनी पाणी घालायला गेली तर पाय ताणून पडलेली, चोच उघडी.

वहिनी तिला पदरात घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. "बघा वन्सं. डोळ्याने खाल्ली."

"उन्हाने गेली असेल, वहिनी."

"ऊन तिच्या गच्चीवर पडत नाही का? तिची एक तरी मेली?"

हे मात्र खरं होतं. तफीदाच्या पाच-सहा कोंबड्या मजेत होत्या.

दादा चहा ढवळत बसला होता. तो म्हणाला, "डोळ्याने कोंबडी खाता येत असती तर मी रोज खाल्ली असती. दात तरी दुखले नसते."

वहिनीने त्या दिवशी त्याला जेवणात नुसती भेंडी वाढली. आणि खुराड्यावर आणखी एक पोतं चढवलं.

दोन-तीन दिवसांनी मी वर गेले तर बाकीच्या कोंबड्या चोच वासून धापा टाकत होत्या. पंख अंगापासून लांब धरलेले, जशा काही कुणी उडायला सांगितलंय आणि जमत नाही. तुरे फिके पडले होते. मी पोतं वर करायला गेले तर वहिनीने माझा हात धरला. "थांबा. दृष्ट काढायची आहे."

तिने कागदाची बाहुली कापून आणली होती. आमच्या बायका करतात तसं एकेकाचं नाव घेत तिने बाहुलीला सुई टोचली. गल्लीतल्या सगळ्यांचं नाव घेतलं, रावयाच्या सासूचं दोनदा. तफीदाच्या नावाला सुई इतक्या जोराने घातली की बाहुलीचं डोकंच निघालं. मग मातीच्या ताटलीत निखारे, त्यावर तुरटी, ऊद आणि ती बाहुली. ती धुरी घेऊन वहिनी खुराड्याच्या आत शिरली. बऊनाच्या भर दुपारी. चारी बाजूंनी पोती. वर तापलेला पत्रा.

थोड्या वेळाने ती खोकत, डोळे पुसत बाहेर आली. "तुरटी फुटली," ती समाधानाने म्हणाली. "बाईचा चेहरा उमटला तिच्यात. घारी होती."

"तुरटीत घारे डोळे कसे दिसले गं तुला?" मी म्हटलं.

ती काही बोलणार तेवढ्यात आत फडफड झाली आणि थांबली. दोन गेल्या. धुरात गुदमरून गेल्या हे माझ्या नजरेला दिसत होतं, पण वहिनीच्या मनात ते येईना. तिला वाटलं, दृष्ट इतकी जबर होती की निघता निघता दोघींना घेऊन गेली. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि बोटं मोजायला लागली. सात उरल्या होत्या. सातव्या दिवसापर्यंत सात. एकही वरची नाही.

"आता एक जरी गेली," ती म्हणाली, "तर मी कोणत्या तोंडाने नदी ओलांडू? माझ्या पोरीने सहा वर्षं ऐकून घेतलंय. त्या बाईने म्हणायचं, पोरगी रिकामी होती, माहेरही रिकामं निघालं?"

तिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही, पण नाक ओढत राहिली.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मी मुद्दामच तफीदाच्या भिंतीपाशी रेंगाळले. ती पलीकडे आपल्या कोंबड्यांसाठी कलिंगडाची सालं चिरत होती. तिने चार काठ्या रोवून वर खजुराच्या झावळ्या टाकल्या होत्या. बाजू सगळ्या उघड्या. खाली ओली वाळू. पाझरणं थांबलेल्या जुन्या माठाचं बूड कापून त्यात पाणी भरलं होतं, आणि दोन कोंबड्या त्यात पाय बुडवून उभ्या होत्या, चक्क कालव्यात उतरलेल्या बायकांसारख्या.

मी म्हटलं, "तफीदा, तुझ्या कशा काय गं टिकल्या?"

ती वर न बघता म्हणाली, "वारा लागतो त्यांना. आपल्याकडे वारा उत्तरेकडून येतो, शफीका. तुम्ही उत्तरच शिवून टाकलीत."

"पोतं काढायला सांगू?"

"सांग. आणि दुपारी दाणा देऊ नका म्हणावं. दाणा पोटात गेला की अंग तापतं. पहाटे द्या, नाहीतर ऊन उतरल्यावर. मका तर नकोच." मग सुरी थांबवून म्हणाली, "पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

मी खाली आले आणि वहिनीला म्हटलं, "मला वाटतं, उत्तरेचं पोतं काढावं. वारा येईल."

वहिनी पोळपाटाएवढ्या मातीच्या थाळ्यांवर भाकरीची कणीक थापून उन्हात फुगायला ठेवत होती. तिने मान वर केली. "तुम्हाला कोंबड्यांतलं कधीपासून कळायला लागलं, वन्सं? मागच्या वर्षी बदक कुठलं नि हंस कुठला ते विचारत होतात."

"मला कळो न कळो. वारा तर कळतो?"

"उत्तरेला वारा आहे आणि उत्तरेला तिचे डोळेही आहेत. पूर्वेचं काढते हवं तर."

तिने पूर्वेचं पोतं काढलं. पूर्वेला आमच्याच पाण्याच्या टाकीची भिंत. तिथून वारा येणार कुठून? पण दुपारचा दाणा तिने बंद केला, कारण ते मी पिल्लंवाल्याचं नाव घेऊन सांगितलं. कोंबड्या धापा टाकत राहिल्या, पण जगल्या.

बऊना सरायला आला तेव्हा तो दिवस उजाडला. पहाटेपासूनच वारा पडला होता. सूर्य वर आला तसं आकाश पांढरं झालं, निळं राहिलंच नाही. दहा वाजेपर्यंत लोखंडी दाराला हात लावता येईना. वीज गेली. वीज गेली म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून टाकी रिकामी आणि दादा घरी. तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फरशीवर आडवा पडला आणि म्हणाला, "पक्कं घर! अगं, ही तर भट्टी आहे. मला आणि भाकरीला एकत्रच काढ बाहेर."

वहिनी ऐकत नव्हती. ती गच्चीवर होती. मी वर गेले तेव्हा तिच्या मांडीवर एक कोंबडी होती, मान लुळी. बाकीच्या खुराड्याबाहेर काढलेल्या, जिन्याच्या खोलीच्या पट्टीएवढ्या सावलीत एकमेकींना चिकटून पडलेल्या. पाय ठेवला तर गच्ची भाजत होती. फ्रिजमधलं पाणीही कोमट झालं होतं.

"खाली ने त्यांना," मी म्हटलं.

"खाली काय आहे? तुमचे दादा तिथे शिजतायत."

मग मी म्हटलं, "तफीदाची आतली खोली मातीची आहे. जुन्या घरासारखी. हातभर जाड भिंती. तिथे पाण्याचा रांजण आहे."

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोंबड्या कोल्ह्याकडे द्यायला सांगत होते. "त्यापेक्षा मी माझ्या हाताने सुरी फिरवीन."

मी तिचं ऐकलं नाही. भिंतीपाशी गेले आणि हाक मारली. तफीदा तिच्या गच्चीवर आली, झावळीखाली उभी राहिली. मी सांगितलं. तिने मान हलवली.

"नको गं, शफीका. एखादी दगावली तर माझ्या नावावर जाईल. म्हैस अजून माझ्याच नावावर आहे."

"अगं, पण त्या इथे मरतायत."

"तिथे मेल्या तर उन्हाने मेल्या. इथे मेल्या तर मी मारल्या. मला या गल्लीत राहायचंय. आणि ती तर मागतही नाही. तू मागतेयस."

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी मागे वळले. वहिनीने सगळं ऐकलं होतं. ती मांडीवरच्या कोंबडीच्या चोचीत बोटाने पाण्याचा थेंब सोडत होती, आणि थेंब चोचीतून बाहेर ओघळत होता. तिने तीनदा सोडला, तीनदा ओघळला. मग ती कोंबडी छातीशी धरून उठली. अनवाणी होती, त्या भाजणाऱ्या गच्चीवरून तशीच चालत भिंतीपाशी आली. मयताच्या घरी सांत्वनाला गेल्यावर जे चार शब्द होतात, त्यापलीकडे ती तफीदाशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

"तफीदा."

"बोल, रावयाची आई."

"तुझी खोली थंड आहे म्हणतात."

"आहे."

"या माझ्या पोरीच्या बाळंतपणासाठी राखलेल्या आहेत."

"ठाऊक आहे."

"सात आहेत. सातच लागतात." वहिनीने मांडीवरून उचललेली ती कोंबडी भिंतीवरून पुढे केली. "घेशील का गं?"

 मग तफीदाने काय करावं? ती भिंतीपाशी आली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हात मागे पसरले. "दे. मी बघत नाही. माझ्या हातावर ठेव. खोलीत सोडून दार ओढून घेईन. तूच येऊन बघ नंतर."

वहिनीने ती लुळी कोंबडी तिच्या हातांवर ठेवली. पण पाठीमागे हात करून कोंबडी कशी धरायची? तफीदाच्या हाती एक पंख आणि एक पाय आला. मेल्यागत पडलेल्या कोंबडीला कुठून जोर आला कोण जाणे, तिने तंगडी झाडली, तफीदाच्या मनगटावर ओरखडा काढला आणि वर शिटलीही. तफीदा ओरडली, "अगं आई गं!" कोंबडी एका पंखावर भिंतीच्या कडेला लोंबायला लागली.

"अगं, बघ ना बाई!" वहिनी किंचाळली. "काय धरलंयस ते बघ तरी! पंख मोडशील तिचा!"

"बघू?" तफीदा तशीच पाठमोरी.

"मग काय पाठीला डोळे आहेत तुला? बघ म्हणते ना!"

तफीदा वळली. वहिनीच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, तिचा हात तोंडाकडे गेला. पण तफीदाने तोवर कोंबडीला नीट छातीशी घेतलं होतं, पाय एका मुठीत, दुसऱ्या तळव्यावर पोट. ती तिच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. "माशाअल्ला," ती म्हणाली. पुढची घेतली, "माशाअल्ला." साताच्या सातांना म्हणाली, शाळेत हजेरी घेतात तसं. एकही सोडली नाही.

खालून दादाचा आवाज आला, "या सातिर! वर काय चाललंय? येऊ का?"

"येऊ नका!" त्या दोघी एकदम ओरडल्या.

आम्ही गच्चीवरूनच पलीकडे उतरलो. वहिनी पहिल्यांदाच त्या घरात येत होती. आत अंधार आणि गारवा, इतका गारवा की मला क्षणभर आपलं जुनं घर आठवून बरं वाटलं आणि वाईटही. कोपऱ्यात रांजण पाझरत होता आणि खालची वाळू ओली होती. वहिनीने तांब्या उचलून कोंबडीच्या डोक्यावर पाणी ओतायला घेतलं, तशी तफीदाने तिचा हात धरला. "डोक्यावर नको. एकदम गार लागून जाईल ती. आधी पाय." परातीत घोटाभर पाणी घेऊन तिने एकेकीला त्यात उभं केलं. ज्यांना उभं राहवत नव्हतं त्यांना आम्ही तिघींनी धरलं. मग पंखाखाली ओला हात. मग चोचीत साखर-मिठाचं पाणी, थेंब थेंब. उत्तरेच्या खिडकीला तिने पोतं भिजवून लावलं. तेच पोतं, पण ओलं आणि सैल, वाऱ्याला आत येऊ देणारं. वारा पडला होता, तरी उन्हं उतरल्यावर त्यातून झुळूक आली, ओल्या तागाचा वास घेऊन.

संध्याकाळी पाच उठून फिरायला लागल्या. एक बसून होती पण डोळे उघडे. आणि ती पहिली, वहिनीच्या मांडीवरची, गेली.

तफीदाने ती बघितली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. बाहेर अंगणाच्या दारात शेजारच्या दोन बायका आल्या होत्या, आम्ही तिघी एका घरात कशा ते बघायला. त्यातली एक आत डोकावून म्हणाली, "मेली ना एक? मी म्हटलंच होतं."

वहिनी जमिनीवर बसली होती. तिने मेलेल्या कोंबडीचे पंख नीट मिटवले. मग त्या बाईकडे न बघता म्हणाली, "माझ्या गच्चीवरच मेलेली होती ती. इथे आणली तेव्हा नुसते पाय हलत होते. तू घरी जा, तुझी भाकरी जळतेय."

"माझी आज चूलच नाही."

"मग ती पेटव जा."

ती बाई गेली. तफीदाने चहा टाकला. तिच्या घरचा चहा वहिनीने पहिल्यांदा प्याला. साखर कमी आहे असंही म्हणाली.

पुढचा महिना त्या सहा कोंबड्या तफीदाच्या खोलीतच राहिल्या. वहिनी पहाटे दाणा घेऊन जायची ती ऊन चढेपर्यंत परत यायची नाही. दोघींची भांडणं सुरू झाली. लसूणघास किती घालावा, पाणी किती वेळा बदलावं, कोणती कोंबडी लबाड. "माझ्या कोंबड्यांना तू बिघडवलंस, आता त्या हातातूनच खातात," असं वहिनी म्हणायची. मी घरी एकटी भेंडी चिरत बसायचे. दादा म्हणायचा, "दृष्ट लागली ती कोंबड्यांना नाही, माझ्या बायकोला. घरी दिसतच नाही."

अबीब सरता सरता दादाने आमच्या गच्चीवरचं गाठोडं सोडलं. तो चढायच्या आधी मी तफीदाला सांगून आले, ती आत जाऊन बसली, तरीही तो जिन्यात अशा जोराने ओरडला की पलीकडच्या गल्लीतलं गाढव उत्तरलं. पोती, ब्लँकेट, पत्रा, सगळं काढलं. चार खांब, वर झावळ्यांचं जाड छप्पर, उत्तरेची बाजू पूर्ण उघडी. निळा मणी मात्र वहिनीने परत टांगला. "तो तिच्यासाठी नाही," ती म्हणाली. "विहिणीसाठी आहे."

मिस्राच्या मध्यावर निरोप आला, मुलगा झाला. वहिनीने पिंजरा बाहेर काढला आणि सहा कोंबड्या त्यात घातल्या. मग ती पिंजऱ्यापाशी उभी राहिली. सातवी कुठून आणायची? दादा म्हणाला, "बाजारात..." आणि वहिनीच्या नजरेने गप्प बसला.

तेवढ्यात तफीदा भिंतीवरून वाकली. तिच्या हातात तिची तांबडी कोंबडी होती, अंडी देणारी, सगळ्यांत मोठी. "ही घे," ती म्हणाली. "पण रंग वेगळा आहे. ओळखतील."

वहिनीने कोंबडी घेतली, छाती दाबून बघितली, विहीण बघते तशी. पिंजऱ्यात घातली. मग म्हणाली, "चांगले कपडे घाल."

"कुणी?"

"मी काय पिंजऱ्याशी बोलतेय? तूच चल. कोंबडी तुझी, मग पोचवायला मी एकटीने का जावं?"

तफीदा तिथेच उभी राहिली. बाळंतिणीच्या खोलीत तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. गावातल्या एकाही बारशाला ती गेली नव्हती. "तुला चालेल?" तिने विचारलं.

"तुझी ती काळी ओढणी नको फक्त," वहिनी म्हणाली. "विहिणीला वाटेल आम्ही मयताला आलो."

आम्ही तिघी होडीने गेलो. पिंजरा तफीदाने मांडीवर घेतला होता आणि वाटेत ती कोंबड्यांवर ओढणीच्या टोकाने वारा घालत होती. पलीकडच्या गावात तिला कुणी ओळखत नव्हतं. रावयाच्या सासूने दारातच पिंजरा उघडला. एकेकीच्या पंखाखाली हात घातला. तांबडीपाशी थांबली.

"ही वेगळी दिसते. कुठून आणली?"

"घरचीच आहे," वहिनी म्हणाली. "उत्तरेच्या गच्चीवरची."

सासूने तांबडी पुन्हा एकदा हातात तोलली. "ह्या उन्हात बाकीच्यांच्या कोंबड्या मेल्या," ती म्हणाली. "माझ्या भावजयीच्या सगळ्या गेल्या. तुमच्या कशा राहिल्या?" असं कौतुकाचं बोलताना तिला आम्ही कधी ऐकलं नव्हतं. वहिनीने तफीदाकडे बोट केलं. "हिला विचारा."

मग ती सासू आणि तफीदा ओसरीवर बसल्या, आणि तफीदा सांगत राहिली, झावळ्या, ओली वाळू, पहाटेचा दाणा. मी आत रावयापाशी होते. ती पहिल्या कोंबडीचा रस्सा पीत होती, कपाळावर घाम होता आणि चेहरा उतरलेला, पण पीत होती. वाटी संपवून तिने आणखी मागितला.

तो मुलगा आता पंपावर कामाला आहे, आजोबांच्या जागेवर. त्याच्या पाठीवर दोन बहिणी झाल्या. प्रत्येक वेळी कोंबड्या गेल्या, आणि त्या कोणत्या गच्चीवरच्या होत्या हे नंतर कुणी विचारलं नाही.

तफीदा मुलाच्या जन्मानंतर पाचव्या वर्षी, तूबा महिन्याच्या थंडीत, एका बुधवारी पहाटे वारली. सनिय्या वहिनी त्यानंतर अकरा वर्षांनी रमजानच्या दुसऱ्या दिवशी गेली. दादा तिच्यानंतर त्याच वर्षी बकरी ईदच्या आदल्या दिवशी गेला.